शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

मुलामुलींनो,

दिंडोरी तालुक्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती आठवीत शिकते. घर गावात नाही, मळ्यात आहे, अगदी द्राक्षबागेच्या बांधाला लागून. तिचा प्रश्न मोठा छान आहे, म्हणून आजचं सगळं पान त्यालाच देऊन टाकते.

ती लिहिते, की संध्याकाळी अभ्यासाला बसलं की मध्येच पंखा दमल्यासारखा फिरायला लागतो. टीव्ही आपोआप बंद पडतो. कधीकधी विहिरीवरची मोटार नुसतीच घूं घूं करते, उचलतच नाही. तिचे बाबा म्हणतात, शेजारच्या काकांनी मोटार सुरू केली, म्हणून आपलं व्होल्टेज गेलं. काका म्हणतात, दोष तुमच्याच केबलीत आहे. या भांडणात दोन्ही घरांची बोलाचाली चार-चार दिवस बंद असते. खरं कोण बोलतं ते विज्ञानाच्या आधारे ठरवता येईल का, असं तिनं विचारलं आहे.

येईल की! आणि त्यासाठी खांबावर चढायची मुळीच गरज नाही. दोन-तीन आकडे वहीत लिहिता आले आणि वजाबाकी-भागाकार करता आला, की झालं. कसं ते बघू या.

वीज कुठून कुठे येते?

रेल्वेनं नाशिक रोडकडे येताना एकलहऱ्याच्या उंच चिमण्या तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिल्या असतील. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेनं चक्र फिरवायचं आणि वीज तयार करायची, हे तिथलं काम. पण तुमच्या घरातली वीज फक्त एकलहऱ्याची असते असं मात्र समजू नका. कोयनेची, चंद्रपूरची आणि आणखी कितीतरी केंद्रांची वीज तारांच्या एकाच मोठ्या जाळ्यात मिसळते.

तिथून ती प्रचंड दाबानं सबस्टेशनात येते. दाब टप्प्याटप्प्यानं कमी होत होत ११,००० व्होल्टवर येतो. मग आपल्या शिवारातली ती ओळखीची, खांबांवर बसवलेली पेटी लागते. तिला पुस्तकात रोहित्र म्हणतात, पण गावात सगळे डीपीच म्हणतात. डीपीतून निघालेल्या तीन फेजपैकी कोणत्याही दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात आणि एक फेज व न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट. मोटारीला तिन्ही फेज लागतात. घरातल्या दिव्या-पंख्याला एक फेज पुरते.

आता डीपीपासून आपल्या घरापर्यंत किती खांब, किती तारा, किती जोड! वाटेत कुणाची मोटार, कुणाची पिठाची गिरणी, कुणाचा कडबाकुट्टीचा यंत्र. या सगळ्याचं गणित मांडायचं म्हटलं तर वही पुरायची नाही. मग कसं करायचं?

तारखात्यातला हुशार इंजिनिअर

हाच प्रश्न फ्रान्समधल्या लेऑन शार्ल तेव्हनँ नावाच्या इंजिनिअरला पडला होता. तो १८५७ साली जन्मला आणि तारखात्यात नोकरीला लागला. तुमच्या आजोबांना विचारा, ते तुम्हाला ‘तार’ म्हणजे काय ते सांगतील. भारतातली तारसेवा २०१३ साली बंद झाली, त्यामुळे तुम्ही ती पाहिली नसणार. तारेचा संदेश म्हणजे मैलोन्‌मैल लांब तारेतून पाठवलेली वीजच. लांब तार म्हटली की तिचा अडथळा आला, आणि पलीकडच्या टोकाला दाब किती उरला हा हिशोब आला.

तेव्हनँनं १८८३ साली एक नियम मांडला. गंमत म्हणजे, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं तोच नियम तीस वर्षं आधी, १८५३ साली सांगितला होता. तो मात्र प्राण्यांच्या शरीरातल्या विजेचा अभ्यास करत होता. दोघांच्या वाटा वेगळ्या, पण पोचले एकाच ठिकाणी! आज जगभर हा नियम तेव्हनँच्या नावानं शिकवतात.

नियम साध्या भाषेत असा: सेल आणि तारा यांचं कितीही गुंतागुंतीचं जंजाळ असू द्या. त्यातून दोनच टोकं बाहेर आली असतील, तर त्या दोन टोकांना जोडलेल्या वस्तूच्या दृष्टीनं आत फक्त दोन गोष्टी असतात. एक सेल आणि त्याच्या ओळीत एक अडथळा. बस्स!

त्या मानलेल्या सेलचा जो दाब, त्याला म्हणायचं समतुल्य व्होल्टेज. समतुल्य म्हणजे तोलून पाहिलं तर अगदी सारखं. बाजारात एक किलोच्या वजनाऐवजी अर्ध्या किलोची दोन वजनं टाकली तर तराजूला फरक कळतो का? नाही ना? तसंच दिव्याला कळत नाही, की आपल्या मागे मोठं जाळं आहे की एकच सेल. आणि अडथळ्याला म्हणायचं समतुल्य रोध. रोध ‘ओहम’मध्ये मोजतात हे मोठ्या वर्गातल्यांना ठाऊकच आहे.

नळाकडे बघा, म्हणजे कळेल

गच्चीवर पाण्याची टाकी आहे. खाली नळ आहे. नळ बंद असताना त्याच्या तोंडाशी पाण्याचा पूर्ण दाब असतो, टाकी जेवढी उंच तेवढा. नळ सोडला, पाणी वाहू लागलं, की नळीत घासाघीस होते आणि तोंडाशी दाब थोडा कमी होतो. नळी जितकी बारीक आणि लांब, तितका दाब जास्त घटतो. एखादी नळी गाळानं अर्धी भरलेली असेल, तरी नळ बंद असताना तोंडाशी दाब पूर्णच असतो. खरी स्थिती नळ सोडल्यावरच समजते.

द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या पाहिल्या असतील तर हे आणखी पटेल. नळी फार लांब टाकली, तर पहिल्या वेलीला भरपूर पाणी आणि शेवटच्या वेलीला थेंब थेंब. विजेचंही तसंच. शेवटच्या खांबावरचं घर म्हणजे ठिबकच्या नळीवरची शेवटची वेल.

तेव्हा दोन मोजमापं लक्षात ठेवा.

पहिलं: काहीही न जोडता दोन टोकांमधला दाब मोजायचा. हेच समतुल्य व्होल्टेज.

दुसरं: एखादी वस्तू जोडून, प्रवाह वाहत असताना पुन्हा मोजायचं. दाब जितका घटला, त्याला प्रवाहानं भागायचं. हा समतुल्य रोध.

आता वही-पेन्सिल घ्या

आपण मळ्यातल्या विजेचं खेळण्यातलं रूप करू. डीपीच्या जागी टॉर्चचे सहा सेल ओळीनं लावले. प्रत्येक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून ९ व्होल्ट. डीपीपासून येणारी लांब तार म्हणजे ३ ओहमचा रोध. तारेच्या टोकाला शेजारच्या काकांची मोटार, म्हणजे ६ ओहमचा रोध. त्याच टोकाला आपल्या घराची दोन टोकं.

आधी काकांची मोटार बंद ठेवू. आपणही काही जोडलेलं नाही. तारेतून प्रवाहच नाही, मग घट कुठली? आपल्याकडे पूर्ण ९ व्होल्ट.

आता काकांनी मोटार लावली. विजेच्या वाटेत ३ आणि ६ मिळून ९ ओहम. प्रवाह किती? ९ व्होल्ट भागिले ९ ओहम, म्हणजे १ अँपिअर. तारेत घट झाली १ गुणिले ३, म्हणजे ३ व्होल्ट. उरले ६ व्होल्ट. आपण अजून एक दिवासुद्धा लावला नाही, तरी आपलं समतुल्य व्होल्टेज ९ वरून ६ वर आलं!

इथं क्षणभर थांबा. काकांची मोटार आपल्या घरात नाही. पण आपल्या दोन टोकांच्या दृष्टीनं ती ‘आतल्या’ जंजाळाचाच भाग आहे. म्हणून समतुल्य व्होल्टेज हा दगडावर कोरलेला आकडा नव्हे. सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा, सगळ्या बागांचं पाणी भरणं चालू असताना आणखी वेगळा.

आता आपण ४ ओहमचा दिवा लावू. हे गणित लांबच्या वाटेनं करू. काकांचे ६ आणि आपले ४ ओहम समांतर आहेत. त्यांचा मिळून रोध ६ गुणिले ४ भागिले १०, म्हणजे २.४ ओहम. त्यात तारेचे ३ मिळवले, ५.४ ओहम झाले. ९ ला ५.४ नं भागलं, तर प्रवाह आला सुमारे १.६७ अँपिअर. त्याला २.४ नं गुणलं, तर दिव्यावर ४ व्होल्ट. दिव्यातला प्रवाह ४ भागिले ४, म्हणजे १ अँपिअर.

दमलात ना? आता तेव्हनँची जवळची वाट बघा. दिवा नसताना ६ व्होल्ट, दिवा लावल्यावर ४. घट २ व्होल्ट, प्रवाह १ अँपिअर. म्हणजे समतुल्य रोध २ ओहम. आता ते सगळं जंजाळ विसरून जा! आपल्यापुरता आत एक ६ व्होल्टचा सेल आणि एक २ ओहमचा रोध आहे.

४ ओहमऐवजी २ ओहमचा दिवा लावला तर? २ आणि २ मिळून ४ ओहम. ६ भागिले ४, दीड अँपिअर. दिव्यावर दीड गुणिले २, म्हणजे ३ व्होल्ट. तोंडी झालं! विश्वास बसत नसेल तर लांबच्या वाटेनं करून पाहा. उत्तर ३ च येईल.

नववी-दहावीतल्यांसाठी आणखी एक चावी. समतुल्य रोध दिवा न लावताही काढता येतो. सेलच्या जागी कागदावर नुसती सरळ रेघ काढा आणि आपल्या दोन टोकांतून आत बघा. ३ आणि ६ ओहम समांतर दिसतील. ३ गुणिले ६ भागिले ९, म्हणजे २ ओहम. तेच उत्तर! मात्र ही रेघ फक्त कागदावर मारायची. खऱ्या सेलची दोन टोकं तारेनं सरळ जोडायची नाहीत, सेल आणि तार दोन्ही तापतात.

मोटार का उचलत नाही?

आता खऱ्या मळ्यात येऊ. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार चालू स्थितीत प्रत्येक फेजमधून साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. पण सुरू होताना, पहिल्या काही क्षणांत, ती त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. थांबलेली भरली बैलगाडी हलवताना बैलांना पहिल्यांदा जास्त जोर लावावा लागतो, तसं समजा.

गणितापुरतं धरू, की शेवटच्या खांबावर समतुल्य व्होल्टेज २३० आणि समतुल्य रोध अर्धा ओहम आहे. मोटार चालू असताना ८ अँपिअर, घट ४ व्होल्ट. काहीच बिघडत नाही. सुरू होताना ४८ अँपिअर, घट २४ व्होल्ट. उरले २०६. आणि दोन मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर? ९६ अँपिअर, घट ४८ व्होल्ट, उरले १८२! दाब घटला की हा ओढलेला प्रवाहही थोडा कमी होतो, शिवाय खऱ्या तारांत रोधाखेरीज इतर अडथळेही असतात. त्यामुळे हे आकडे अंदाजापुरते घ्या. पण गोष्ट खरी आहे.

व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं तर मोटारीचा सुरू होण्याचा जोर किती उरतो? ८० टक्के नव्हे बरं का. तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४. जोर उरला ६४ टक्के! मोटार उचलत नाही, नुसती घूं घूं करते, प्रवाह ओढत राहते, तापते, आणि आतली तार जळते. मग मोटार वर काढा, तालुक्याच्या गावी न्या, वायंडिंग भरून आणा. तेवढ्यात बागेला पाणी नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घडांची जोपासना चालू असताना असे चार दिवस गेले, तर वर्षाच्या कमाईला धक्का बसतो. व्होल्टेजची घट म्हणजे नुसता पंख्याचा प्रश्न नाही, हे यावरून समजेल.

आणि एक. वीज गेलेली असताना ती येताच मोटार आपोआप सुरू व्हावी, म्हणून काही जण ऑटोस्विच बसवतात. रात्री उठायला नको, साप-विंचवाची भीती नको, हे खरंच. पण वीज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. प्रत्येकीचा प्रवाह पाच-सहा पट! व्होल्टेज कोसळतं आणि कधीकधी डीपीच जळते. मग दहा-पंधरा शेतकरी एकदमच अंधारात. म्हणून वीज खातं सांगतं, की ऑटोस्विच काढा आणि मोटारीला कपॅसिटर बसवा. कपॅसिटर लावल्यानं मोटारीला लागणाऱ्या प्रवाहाचा एक भाग तिथल्या तिथे मिळतो, लांबून तारेतून यावा लागत नाही. प्रवाह कमी, म्हणून घटही कमी.

खरं कोण बोलतं?

आता पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर. मोटारीच्या पेटीवर बहुधा दोन काटे असतात, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. बाबांना शेजारी उभं करायचं. स्टार्टर त्यांनीच चालू-बंद करायचा. आपण कशालाही हात लावायचा नाही, फक्त काट्यावर नजर ठेवायची आणि वहीत लिहायचं. काकांनाही सामील करून घ्यायचं, त्यांच्याशिवाय हा प्रयोग होणारच नाही!

पहिली नोंद: आपलीही मोटार बंद, काकांचीही बंद.

दुसरी नोंद: आपली बंद, काकांची चालू.

तिसरी नोंद: आपली चालू, काकांची बंद.

पहिल्याच नोंदीत व्होल्टेज कमी असेल, तर बाबाही निर्दोष आणि काकाही निर्दोष. दोष डीपीत किंवा तिच्याही मागे आहे, किंवा त्याच डीपीवरच्या बाकीच्या मोटारींचा भार जास्त आहे.

पहिली नोंद चांगली, पण दुसरीत व्होल्टेज बरंच घटलं, तर दोघांच्या सामायिक तारेत अडथळा जास्त आहे. नीट विचार करा. आपली मोटार बंद असताना आपल्या केबलीतून मोटारीचा प्रवाह वाहतच नाही. प्रवाह नाही तर तिच्यात घटही नाही. तेव्हा ही घट डीपीपासून दोघांच्या वाटा फुटतात तिथपर्यंतच्या तारेतली. तिथं दोष आपल्या केबलीचा नाही, आणि मोटार लावली म्हणून काकांचाही नाही. पाणी तर त्यांनाही भरायचंच आहे.

दुसरी नोंद चांगली, पण तिसरी वाईट, तर मात्र आपलीच केबल बारीक आहे, फार लांब आहे, किंवा एखादा जोड सैल आहे. दोघांच्या मोटारी सारख्या ताकदीच्या असतील तर ही तुलना अगदी चोख होते.

एकाच दिवसाच्या नोंदीवर निकाल देऊ नका. चार-पाच दिवस, वेगवेगळ्या वेळी घ्या. मग ती वही घेऊन बाबा आणि काका दोघांनी मिळून वीज कार्यालयात जावं. नुसतं ‘आमच्याकडे व्होल्टेज नसतं’ असं सांगण्यापेक्षा तारीख-वेळेसह आकडे दाखवले, तर दोष कुठे शोधायचा हे वायरमनदादांनाही चटकन कळतं. नियमानं घरगुती पुरवठ्याच्या दाबात ६ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये. म्हणजे २३० व्होल्टला साधारण २१६ ते २४४. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

यावर मोठा उपायही आहे. ११,००० व्होल्टची तारच थेट मळ्यापर्यंत आणायची आणि विहिरीजवळ एक-दोन शेतकऱ्यांसाठी छोटी डीपी बसवायची. महावितरणनं कृषिपंपांसाठी २०१८ साली अशी उच्चदाब वितरण योजना हाती घेतली. फायदा कसा? तेवढंच काम करायला ४०० व्होल्टला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या सुमारे सत्ताविसावा भाग ११,००० व्होल्टला पुरतो. ११,००० भागिले ४०० करून पाहा. प्रवाह कमी, म्हणून लांब तारेतली घट अगदी किरकोळ. पुढं ४०० व्होल्टची तार उरते ती थोडीशीच.

रोध कमी, मग सगळं छान?

एखादा चौकस मुलगा म्हणेल, बाई, मग समतुल्य रोध अगदी शून्याजवळ आणू या की! घटीच्या दृष्टीनं ते चांगलंच. पण दोन उघड्या तारा चुकून एकमेकींना चिकटल्या, तर प्रवाह किती वाहेल? समतुल्य व्होल्टेज भागिले समतुल्य रोध. २३० भागिले अर्धा, म्हणजे ४६० अँपिअर! आणि रोध त्याच्या दहावा भाग केला, तर ४,६०० अँपिअर! तारा क्षणात लाल होतील, आग लागेल. म्हणून तर फ्यूज आणि एमसीबी. किती अँपिअर तोडण्याची ताकद असलेलं स्विचगिअर कुठं बसवायचं, हे ठरवताना मोठे इंजिनिअरही हाच भागाकार करतात. आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अशी स्विचगिअरं तयार होतात, त्यामागंही हेच गणित आहे. घरात फ्यूज उडाला तर त्या जागी जाड तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांना हा भागाकार जरूर दाखवा.

करून पाहा

साहित्य: टॉर्चचा एक नवा सेल, एक बराच वापरलेला सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब, वायरचे दोन तुकडे आणि एक मल्टीमीटर. मल्टीमीटर शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल. तो डीसी व्होल्टवर ठेवा.

आधी दोन्ही सेल काही न जोडता मोजा. वापरलेला सेलही बऱ्याचदा सव्वा व्होल्टच्या पुढे दाखवतो. तुम्हाला वाटेल, अरे, हा तर चांगला आहे! आता बल्ब जोडा आणि तो पेटलेला असताना पुन्हा मोजा. नवा सेल फारसा हलणार नाही. जुना मात्र धपकन खाली येईल. तो जसा झिजतो, तसा त्याचा आतला रोध वाढतो. गाळ साचलेली नळी आठवली ना? म्हणूनच फक्त एका मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि हे अगदी नक्की लक्षात ठेवा: हा प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर करायचा. मल्टीमीटरची टोकं भिंतीवरच्या प्लगमध्ये किंवा मोटारीच्या पेटीत कधीही घालायची नाहीत. डीपीच्या कुंपणात पाऊल टाकायचं नाही. पालकांनो, मुलं प्रयोगाला बसली की पाच मिनिटं तुम्हीही त्यांच्याजवळ बसा. तुम्हालाही मजा येईल.

या आठवड्याची दोन कोडी

लहान गट (पाचवी ते सातवी): एका बंद पेटीतून दोन तारा बाहेर आल्या आहेत. काही न जोडता त्यांच्यात १२ व्होल्ट. ४ ओहमचा दिवा जोडला तर दाब ८ व्होल्ट होतो आणि २ अँपिअर प्रवाह वाहतो. पेटीत कोणता सेल आणि किती ओहमचा रोध आहे असं मानायचं?

मोठा गट (आठवी ते दहावी): १२ व्होल्टची बॅटरी, तार ४ ओहमची, काकांची मोटार १२ ओहमची. आपल्या दोन टोकांना समतुल्य व्होल्टेज किती आणि समतुल्य रोध किती? आपण ६ ओहमचा दिवा लावला तर त्याच्यावर किती व्होल्ट येतील? गणित दोन्ही वाटांनी सोडवा आणि कोणत्या वाटेला किती मिनिटं लागली तेही कळवा.

उत्तरं पुढच्या आठवड्याच्या अंकात. पोस्टकार्डावर नाव, इयत्ता आणि शाळा सुवाच्य अक्षरात लिहा. मळ्यातल्या मुलामुलींनी आपल्या तीन नोंदी पाठवल्या तर मला फारच आवडेल. कुणाच्या नोंदीत दोष कुठं सापडला, तेही आपण इथं बघू.

तुमची,
विज्ञानाच्या पानावरची बाई